बारा नोटा

पाचशेची खरी नोट कशी ओळखायची, हे कुंदाबाईला नीट समजलं होतं. पारोळ्याच्या बँकेतल्या हेमांगी मॅडम दिवाळीआधी गावात आल्या होत्या. मारुतीच्या पारावर त्यांनी बचत गटाच्या बायकांना दोन तास शिकवलं. बाकीच्या जणी मध्येच गप्पांना लागल्या. कुंदाबाई मात्र नोट उलटीपालटी करत राहिली. नोट तिरपी केली की हिरवा धागा निळा दिसतो. उजेडात धरली की कोऱ्या जागेत गांधीबाबा उमटतात. दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघा बोटाला खरखरीत लागतात. घरी येऊन तिनं हे सगळं शेजारच्या मंजुळाबाईला शिकवलं. दोघी एकाच साली लग्न होऊन त्या गल्लीत आल्या होत्या. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती.

उन्हाळ्यात गटाच्या सहा जणींनी मिळून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घातले. पहाटे पिठाचा घाटा शिजवायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर थापून मोकळं व्हायचं. दीड महिन्यात हातांची सालं निघाली. माल धुळ्याच्या अमृतशेठनं घेतला. पैसे आणायला कोणी जायचं, हा प्रश्नच नव्हता.

"तूच जाय कुंदा," मंजुळाबाई म्हणाली. "तुले नोटा वळखता येतस."

दुकानात त्या संध्याकाळी वीज नव्हती. अमृतशेठनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चोवीस हजारांची गड्डी पुढे ठेवली. कुंदाबाईनं वरच्या सहा नोटा दारापाशी नेऊन पाहिल्या. धागा, गांधीबाबा, रेघा, सगळं जागच्या जागी होतं.

"अक्का, अठ्ठेचाळीस नोटा अशा बघत बसलात तर शेवटची एसटी जाईल," तो हसत म्हणाला. "आमच्यावर विश्वास नाही का?"

ती ओशाळली. ज्यानं मानानं खुर्चीवर बसवलं त्याच्यासमोर एकेक नोट तपासायची म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच होतं. तिनं उरलेल्या नोटा फक्त मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि स्टँड गाठलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत हेमांगी मॅडमनी गड्डी मशीनमध्ये घातली. मशीन अडलं. त्यांनी नोट काढून पाहिली, बाजूला ठेवली. मग दुसरी. तिसरी. पाचवी नोट बाजूला गेली तेव्हा त्यांनी कुंदाबाईकडे बघणं बंद केलं. शेवटी त्या बाजूला बारा नोटा झाल्या.

"मॅडम, मले परत द्या. मी त्याले नेऊन देस."

"नाही देता येत, ताई. बनावट नोट एकदा आमच्या हातात आली की जप्तच करावी लागते." त्यांनी एकेका नोटेवर शिक्का मारला. "चारपर्यंत असत्या तर पावतीवर भागलं असतं. पाच झाल्या की पोलिसांना कळवावं लागतं. माझ्या हातात काही नाही."

पोलीस ठाण्यात तिला दोन दिवस बसवलं. अमृतशेठलाही बोलावलं. तो बँकेचा कागद घेऊन आला. गड्डी दिली त्याच दिवशी बँकेतून पैसे काढल्याची त्यावर नोंद होती.

"माझ्या दुकानातून खऱ्या नोटा गेल्या," तो शांतपणे म्हणाला. "रात्रभर गड्डी हिच्या घरी होती. पुढचं मला काय माहीत? आणि साहेब, हिला तर नोटा ओळखता येतात. समोर तपासून घेतल्यात हिनं."

साहेबांनी विचारलं, "तपासल्या होत्या का?"

"सहाच तपासल्या."

"सहाच का?"

चहाचं आणि खुर्चीचं काय सांगणार? तिनं मान खाली घातली, आणि साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. गटातल्याच ताईबाईच्या ओट्यावर बैठक भरली. "आंधळी बाई फसती ते आम्ही समजतो," ताईबाई म्हणाली. "तुले तर बठ्ठं समजस. मंग बारा नोटा कश्या लिध्या?"

कुंदाबाईनं मंजुळाबाईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं सारवण उकरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या रात्री कुंदाबाईला झोप लागली नाही. सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "दोन्ही शेळ्या विकी टाकस. ज्याना त्याना पैसा दी टाकस."

"भरू नको," लीलाधर म्हणाला. "लोके म्हनतीन, हिनीच खादा."

तिनं ऐकलं नाही. शेळ्या गेल्या. खाटकानं दिलेली प्रत्येक नोट तिनं भर उन्हात उभं राहून तपासली. तो कंटाळून शिव्या देऊन गेला तरी ती तपासत राहिली. मग पाच घरी फिरून तिनं हजार हजार रुपये दिले. कोणी नको म्हणालं नाही. पाठ वळताच ताईबाईचे शब्द तिच्या कानावर आले, "चूक नही व्हती ते पैसा कसाले भर्यात?"

शेवटचं घर मंजुळाबाईचं. तिनं दोन नोटा घेतल्या, खिडकीशी गेली आणि एक नोट उजेडात धरली. मग दुसरी धरली. बोट कडेवरून फिरवलं. कुंदाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती.

"दोन्ही नोटा बराबर शेत," मंजुळाबाई म्हणाली, आणि नोटा डब्यात ठेवायला आत गेली. बाहेर आलीच नाही.

याला आता वर्ष होत आलं. पोलिसांकडून पुढं काही झालं नाही. नकली नोटा कुठून आल्या, हे कोणी शोधलं नाही. गट मोडला, पाच जणींनी नव्या नावानं दुसरा काढला. लीलाधर तिला एका शब्दानं बोलला नाही. दोष दिला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

परवा नळावर मंजुळाबाईशी गाठ पडली. दोघीच होत्या. मंजुळाबाईनं आपला हंडा सरकवून जागा केली. आज बोलायचं, असं कुंदाबाईनं ठरवलं. पण कुठून सुरुवात करावी, ते सुचेना. तेवढ्यात मंजुळाबाईचा हंडा भरला. तिनं तो कमरेवर घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघून गेली.

कुंदाबाई नळाखाली कळशी धरून तशीच उभी राहिली. कळशी भरली, पाणी पायावरून वाहू लागलं, तरी नळ बंद करावा असं तिला वाटेना.