चिंचोक्यांचा प्रयोग कुणाचा

कामिनी मॅडमचं नाव निघालं की अजून माझं डोकं तडकतं. अम्मी म्हणते, सोड ना आता. का सोडू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर सोडलंही असतं. त्या मला आवडायच्या, म्हणून तर राग जात नाही.

आमची शाळा पहूरची. आठवीला विज्ञान शिकवायला मॅडम धुळ्याहून बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाला वेड लावलं. चंद्रावर यान कसं उतरतं ते त्यांनी फळ्यावर असं काही काढून दाखवलं की मागच्या बाकावरचा अभिमनसुद्धा झोपायचं विसरला. पण जीवाश्मांचं वय कसं काढतात हा भाग आला आणि सगळं डोक्यावरून जायला लागलं. जुन्या हाडातला एका प्रकारचा कार्बन ठरावीक वर्षांनी निम्मा होतो, पुन्हा तेवढ्याच वर्षांनी उरलेल्याचा निम्मा, मग त्याचाही निम्मा. चंद्रावरून आणलेल्या दगडांचं वयही अशाच रीतीने काढतात म्हणे, फक्त तिथे कार्बनऐवजी दुसरे पदार्थ.

"मॅडम, कोणता कण कधी जाणार ते कुणालाच माहीत नाही, पण निम्मे जाणार हे नक्की? असं कसं?" अभिमनने विचारलं. मॅडमनी पुस्तकातलंच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

मधल्या सुट्टीत आम्ही मुली ओट्यावर खडूने पट आखून खेळत होतो. आमचे फासे म्हणजे फोडलेले चिंचोके, एक बाजू काळी आणि एक पांढरी. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे जायचं. खेळता खेळता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्या मुलींचे चिंचोके गोळा केले, ओंजळीने फेकले आणि पांढरे पडले ते बाजूला काढले. उरले जवळपास निम्मे. उरलेले पुन्हा फेकले, पुन्हा निम्मे! कोणता चिंचोका पांढरा पडेल ते अल्लाला ठाऊक, पण निम्मे जाणार म्हणजे जाणारच. मी धावत शिक्षकांच्या खोलीत गेले.

मॅडमनी बघितलं आणि मला जवळच ओढलं. "तबस्सुम, अगं काय डोकं आहे तुझं! हा प्रयोग तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार."

घरी जाऊन मी आधी अब्बांना सांगितलं. आमचं गाद्या-उशा भरायचं दुकान आहे. दुकान बंद होईपर्यंत अब्बांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. शेजारचे झिपरूनाना म्हणाले, "हाशमभाऊ, पोरगी नाव काढीन बरं का!" त्यानंतर मी घरी बसून चिंचोके भाजत होते, फोडत होते. बोटं सोलवटली, पण गंमत वाटायची. सगळे मॅडमकडे नेऊन दिले. प्रदर्शनाच्या दिवशी अब्बांनी ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवलं आणि ईदचा सदरा घातला. "तुझं नाव पुकारतील ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय," म्हणाले.

तालुक्याला, जामनेरला पोचलो तर मॅडमनी मला अभिमनबरोबर आमच्या शाळेच्या दुसऱ्या प्रयोगापाशी, थर्माकोलच्या चंद्रापाशी उभं केलं.

"माझे चिंचोके कुठेत?"

"आहेत गं पलीकडच्या खोलीत. तू इथे लक्ष दे, यंदा चंद्राची हवा आहे."

मी मान डोलावली. मॅडमच म्हणाल्या ना, मग बरोबरच असेल. बावळट कुठली मी! बऱ्याच वेळाने शिपाई बोलवायला आला. मला वाटलं, आला माझा नंबर. पळतच गेले, तर दारावर पाटी 'शिक्षक गट'. टेबलावर माझे चिंचोके आणि पुढे जाड कागदावर छापलेलं, 'संकल्पना व निर्मिती', खाली मॅडमचं नाव. नुसतं मॅडमचं. अब्बा चिंचोके बघून आधीच तिथे येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते आणि मला बघून हसत होते.

"ये गं," मॅडम म्हणाल्या. "मी टाकते, तू पांढरे वेच."

परीक्षक खूश झाले. "फारच छान! हे सुचलं कसं तुम्हाला?"

"लहानपणी आजीबरोबर खेळायचे ना मी चिंचोक्यांनी," मॅडम गोड हसून म्हणाल्या. "तेव्हापासून डोक्यात होतं."

खोटं! साफ खोटं! या बाईंनी मला विचारलं होतं की चिंचोका पांढरा कसा गं होतो, मग मी भाजून, फोडून दाखवला होता. तरी खाली वाकून मी पांढरे वेचत राहिले, कारण मॅडमनी सांगितलं होतं.

मॅडमना पहिल्या बक्षिसाची ढाल मिळाली. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "मॅडम, माझं नाव?"

"अगं, शिक्षक गटात मुलांचं नाव कसं टाकणार? तुझं काय नि माझं काय, शाळेचंच ना? असं तोंड पाडू नये."

तेवढ्यात अब्बा आले. चाचरत म्हणाले, "मॅडम, पोरीचं नाव घ्यायचं राहिलं वाटतं. तिनंच शोधलंय ना ते?"

मॅडम हसल्या. "मुलं घरी सांगतात हो काहीबाही. मी शिकवलं ते तिने छान उचललं. हुशार आहे तुमची मुलगी."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी माझ्याकडे तसं कधीच पाहिलं नव्हतं. इतके दिवस मी घरात थापा मारत होते, आणि त्या थापा ते गावभर सांगत सुटले होते, असं त्यांना वाटलं. त्यांनी मॅडमपुढे हात जोडले. "माफ करा मॅडम. पोर आहे. घरी भलतंच सांगत होती."

मॅडमनी ती माफीसुद्धा घेतली! "असू द्या हो," म्हणाल्या.

"अब्बा, हात खाली करा," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की व्हरांड्यातले सगळे वळून बघायला लागले. "प्रयोग माझा आहे. मॅडम, माझ्याकडे बघून सांगा ना, तुमचा आहे म्हणून. सांगा!"

मॅडम हातातल्या ढालीकडे बघत राहिल्या. अब्बांनी मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी हात खाली घेतले.