संपाचा नववा दिवस

खोटं बोलायला अक्कल लागती म्हणत्यात. मला न्हाई लागली. मी एकोणीस वर्षं नुसता गप बसलो, आन त्या गप बसण्यावर आमच्या युनियनचा सेक्रेटरी झालो.

आमचा दूध प्लँट पेठच्या अलीकडं, हायवेला खेटून. दोनशे दहा माणूस कामाला. दर तीन वर्षांनी पगाराचा करार व्हतो. मागचा करार मार्चमध्ये संपला, तवापासून साहेब लोक नुसतं चहा पाजून परत पाठवत्यात. म्हणून ठरवलं, बोलणी फिसकटली तर संप. पण संप काय उठला न् केला अशी गोष्ट न्हाई, माणसं तयार करावी लागत्यात. रविवारी सकाळी खंडोबाच्या मंडपात सभा लावली. मागण्या समजावून सांगायच्या, बोलणी करायला पाचजणांची कमिटी निवडायची, आन नोटिशीवर सह्या घ्यायच्या.

मागण्या प्रबुद्धनं सांगितल्या. चौतीस वर्षांचा गडी, बॉयलरवर असतो. त्यानं गेणूला उभा केला आन म्हणाला, "तुमी साहेब व्हा, मला दबवा." गेणूनं पोट फुगवलं. "कंपनी तोट्यात हाय हो!" सगळी खिदळली. प्रबुद्ध न्हाई हसला. "मग औंदा दुसरं कोल्ड स्टोरेज कशाला बांधलं, साहेब?" एवढंच विचारलं. गेणूनं फुगवलेलं पोट सोडून दिलं. मागं तंबाखू मळणाऱ्यांचे बी हात थांबले. हे पोरगं बोलणीला बसलं तर करार झालाच म्हणून समजा, असं मला वाटलं.

मग आमचा अध्यक्ष भरत उठला. मनानं सोनं, पण डोकं कायम तापलेलं. त्यानं ताटात बेल आन भंडारा आणून ठेवला. "सही करणाऱ्या दरेकानं भंडारा उचलायचा, फुटणार न्हाई म्हणून. मागच्या संपाला फितुरी झाली. दुधानं तोंड पोळलंय, आता ताक बी फुंकून प्यायचं."

सेक्रेटरी म्हणून पहिला नंबर माझा. मी भंडारा उचलला. मागल्या संपाला उचलला तसाच, झटक्यात; ह्याचीच आता लाज वाटती.

प्रबुद्धची पाळी आली तसा तो म्हणाला, "मी उचलणार न्हाई. आमी बौद्ध हाय, देवाची आण आमच्या घरात चालत न्हाई. माझा शब्द घ्या."

"तुझ्या बापानं बी असाच शब्द दिला व्हता," भरत म्हणाला. "आन मग संप फोडून आत कामाला गेला."

खाई त्याला खवखवे म्हणत्यात. मी पेनाचं टोपण उगाच लावत-काढत बसलो.

आता ती भानगड सांगतो. एकोणीस वर्षांमागं, मागल्या संपात प्लँट बंद, म्हंजे गावोगावचं दूध घेणं बंद. आन आमच्याकडं कामगार आन दूध घालणारा शेतकरी एकाच घरात राहतो. माझ्या गोठ्यात चार जर्सी. माझी बायको कुशाबाई रोज तीस लिटर दूध ओढ्यात ओतायची. गावातल्यांचं बी दूध नासत व्हतं, आन राग निघायचा तिच्यावर. नळावर बाया तिच्याशी बोलंनात. तिचा हंडा पायानं बाजूला सारायच्या. घरी येऊन ती काय सांगायची न्हाई, नुसती भांडी आपटायची.

नवव्या दिवशी पहाटे मी टँकरच्या केबिनमध्ये खाली वाकून बसलो आन आत गेलो. दूध तापवायचं मोठं मशीन चालवणारे आमी तिघंच. एक गेटवर बसलेला. मी ताप आलाय म्हणून घरी, असं सांगून ठेवलेलं. तिसरे नानासाहेब, प्रबुद्धचे वडील, दोन दिवस कुणाला दिसले नव्हते. गेटवरच्या लोकांनी आतली वाफ बघितली, आन आपला माणूस फुटला हे कळलं. कोण फुटला? तवा बी समद्यांनी भंडारा उचललेला, नुसता शब्द दिलेला तो नानासाहेबांनीच. झालं! अकराव्या दिवशी संप मोडला.

नानासाहेब कुठं व्हते? तळेघरला. एसटीचा भरवसा न्हाई, म्हणून वाड्या-वाड्या पायी फिरून संपकऱ्यांच्या घरांसाठी तांदूळ मागत व्हते. चार पोती घेऊन आले, तर लोक म्हणाले, कंपनीनं दिलाय तांदूळ. तांदूळ मात्र कुणी परत केला न्हाई. पायलीभर माझ्या घरी बी आला. मी खाल्ला. नानासाहेब सहा वर्षांमागं वारले, फितूर म्हणूनच वारले.

"प्रबुद्धला कमिटीत घ्यायचा न्हाई," भरत म्हणाला. चार-सहा मुंड्या हलल्या. "चांगदेव भाऊ, तुमी त्या संपात व्हता. तुमीच सांगा."

एक 'हो' म्हटलं असतं की सुटलो असतो. वर्षभरात रिटायर, हारतुरे, शाल, भाषणं. मी प्रबुद्धकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. कागद गोळा करायला लागला व्हता, असं काही तरी व्हणारच, हे धरून चालल्यागत. ते मला बघवलं न्हाई.

"नानासाहेब न्हाई," मी म्हणालो. "मी गेलो व्हतो आत. भंडारा उचलून गेलो."

भरतनं माझी कॉलर धरली. पॅकिंगमधली अंबाबाई, एरवी 'भाऊ, भाऊ' करणारी, म्हणाली, "तोंड जळो तुझं, मेल्या!" गेणूनं पायताण काढलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मला मार पाहिजे व्हता.

"थांबा," प्रबुद्ध म्हणाला. आवाज चढवला न्हाई त्यानं. "कितव्या दिवशी गेला?"

"नवव्या."

"त्या दिवशी काय असतं तर गेला नसता?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी बी स्वतःला विचारलं नव्हतं. "कुणी तरी कुशीशी बोलायला पाहिजे व्हतं," मी म्हणालो. "नळावर. एक जण जरी बोललं असतं ना..." सत्तावन्न वर्षांचा बाप्या मी, भर सभेत रडलो.

प्रबुद्धनं ताट उचलून देवापुढं नीट ठेवलं आन कोरा कागद घेतला. "शपथेनं माणूस टिकत न्हाई, हे आता दिसलं. कोण फुटणार न्हाई, ते नका सांगू. कोण कशानं फुटंल, ते सांगा."

मग अंबाबाई पदर सावरत उठली. "माझी हर्षाली नारायणगावला नर्सिंग शिकती. तिची मेस बंद झाली, तर मी सातव्या दिवशी आत जाईन. लाज वाटती, पण जाईन." गेणू म्हणाला, त्याचा मेहुणा कंपनीचा टँकर चालवतो, तो रोज येऊन ओसरीवर बसला तर आपलं काय खरं न्हाई. शेवटी भरत. खाली मान घालून म्हणाला, "आमचा बाप दूध सोसायटीचा चेअरमन. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं, तर मी चार दिवस बी काढणार न्हाई."

दुपारपर्यंत तीन कागद भरले. दरेक नावापुढं दुसऱ्या कुणाचं नाव पडलं, त्या घरी रोज जाऊन यायचं म्हणून. नोटीस देण्याआधी पंधरा दिवस दूधवाल्यांच्या दारात जाऊन समजावायचं ठरलं, पहिली बैठक भरतच्या बापाकडं. कमिटीत प्रबुद्धचं नाव सगळ्यात वर लागलं. माझं काढलं. काढायलाच पाहिजे व्हतं.

मंडप मोकळा झाला तसा मी प्रबुद्धपुढं हात जोडले. तो म्हणाला, "ती माफी माझ्याकडं न्हाई. आई घरी हाय. आजच जा."

गेलो. प्रबुद्धची आई द्रौपदाबाई दारात लसूण सोलत बसली व्हती. मला बघून उठली, पाट टाकला. "या भावजी! लई दिसानं." आन आत पाणी आणायला जाता जाता म्हणाली, "ह्यांच्या मातीला प्लँटमधून तुमी एकटंच आलता. मी विसरले न्हाई."

मी पाटावर बसलो न्हाई. पाणी बी घेतलं न्हाई. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं, टँकरपासून तांदळापर्यंत. ती तांब्या धरून ऐकत राहिली.

"ह्या आळीतली बी बोलायची बंद झाली व्हती आमच्याशी," ती म्हणाली. "आज रविवार हाय, समदी घरी हायेत. परत सांगा. मोठ्यानं."

मी रस्त्याकडं तोंड केलं आन पहिल्यापासून सांगायला लागलो.