धुतलेली अंडी

आमच्या सोनाजी भाऊजींना येड लागलंय, असं नरसी गावात समद्यांनीच ठरवलं होतं. रझाकारांच्या धामधुमीत हैद्राबादचं कॉलेज बंद पडलं, आन हे घरी येऊन हळदीतले किडे पाळून राहिले! लोक किडे मारतात, हे त्यांची अंडी औषधाच्या पाण्यानं धुतात. धुतलेली एका बाटलीत, न धुतलेली दुसरीत, दोन्हीत हळदीची तीच पूड.

मी पोटुशी. वाटा धोक्याच्या, म्हणून माहेरी जाता आलं न्हाई. बसल्या बसल्या बाटल्या बघायची. न धुतलेल्या अंड्यांतल्या अळ्या गलेलठ्ठ झाल्या. धुतलेल्यांतल्या निघाल्या तशाच राहिल्या, मग मरू लागल्या.

"काहून हो भाऊजी?"

"माय अंडं घालताना त्याला आपल्या पोटातले बारीक जंतू चोपडते, वैनी. पिल्लू निघताना टरफल खातं, तवा ते त्याच्या पोटात जातात. त्यांच्याबिगर खाल्लेलं अंगी लागत न्हाई. मायनं दिलेलं मी धुऊन टाकलं."

माझं पयलं पोरगं पाचवीच्या आदीच गेलं होतं.

मग पोरगी झाली. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, राखेचं टोपलं घेऊन आल्या. आमच्यात बाईचा पयला चीक घाण मानतात. तो राखेत पिळून टाकायचा आन लेकराला पाचवीपर्यंत बोळ्यानं गुळाचं पाणी द्यायचं. पयल्यालाही तेच पाजलं होतं.

"मी न्हाई पिळणार," मी म्हणलं.

"जीभ लई चालून राहिली! किड्याची अक्कल माणसाला शिकवती व्हय गं?"

"गाय व्याली तर वासराला चीक पाजता ना? माझं लेकरू काय वासराहून वंगाळ हाय?"

आत्याबाईंनी दाराआडच्या भाऊजींना हाक मारली. "सांग रे हिला!"

"मला किड्याचं कळतं, माय. लेकराचं न्हाई सांगता येत."

बसा बोंबलत! शिकलेला माणूस ऐन वेळी असा. मी पोरीला छातीशी लावलं. ही बी गेली तर साऱ्या गावानं मलाच खाल्लं असतं. पोरगी चुटूचुटू ओढू लागली.

आत्याबाई बघत राहिल्या. त्यांची चार लेकरं पाचवीच्या आत गेलेली. सोनाजी आन माझे मालक तेवढे जगले. टोपलं खाली ठेवून त्यांनी हळूच इचारलं, "सोन्या, धुतलेल्याला ते परत चोपडता येतं का रं?"

"येतं, माय. जित्तं असलं तर."

आत्याबाई टोपल्यापाशीच खाली बसल्या आन बोटांनी राख चाळू लागल्या.