सोयीची वेळ

डबा दुपारीच वॉचमनकडे पोचला होता. आता काकांनी सुतळीला बांधून छत्री ऑफिसच्या खिडकीतून खाली सोडली. बिलिंगचे काका हल्ली असेच, हप्त्याहप्त्याने घरी जात.

दोष नव्या नियमाचा होता. "कामाचे तास लवचीक," साहेबांनी जाहीर केलं होतं. "सोयीने या, सोयीने जा." सुरुवात मजेत गेली. टायपिस्टताई मुलीला शाळेत सोडून येऊ लागल्या, काका झोप पुरी करून. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की पूर्वी पाचला माणूस घरी जायचा. आता जो आधी उठेल तो कामचुकार. तेव्हापासून उघडपणे कुणी उठतच नव्हतं.

आज मात्र वेळेवर उठणं भाग होतं. काकूंना मोतीबिंदूने वर्षभर धूसर दिसत होतं; ऑपरेशननंतरची डोळ्यावरची पट्टी संध्याकाळी सुटणार होती. "पहिले तुम्हीच दिसा," त्यांनी बजावलं होतं. "मग काहीही वाईट दिसलं तरी चालेल."

"काका, निघालात?" टायपिस्टताई कुजबुजल्या.

"छे. पाणी प्यायला."

"कोट राहू द्या खुर्चीवर. मी अधूनमधून त्याच्याशी बोलते."

काका चपला हातात घेऊन मागच्या जिन्याने उतरू लागले. वळणावर साहेब. हातात बूट, कपाळावर घाम.

"मी जिना तपासत होतो," साहेब म्हणाले.

"बराय जिना," काका म्हणाले.

"वरचे लोक बघत असतात हो, कोण कधी जातं ते. परवाच विचारलं मला, कुणाला कमी करायचं म्हणून. चला, दोघंही वर जाऊ."

काकांचे पाय वळलेसुद्धा. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? दोन पायऱ्या चढून ते थांबले.

"साहेब, तुम्ही व्हा पुढे. मला बायकोला दिसायचंय."

"उद्या दिसा की."

काकांनी तिथेच चपला पायांत घातल्या आणि फटफट वाजवत उतरले.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा पट्टी सुटली होती. काकू बाकावर डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

"उघडतच नाहीत," नर्स म्हणाली. "माझी ड्यूटी केव्हाच संपली हो."

"आलोय गं," काका म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिल्या.

"कधीपासून असे घाबरलेले दिसता हो?"

"तुला दिसेनासं झालं ना, त्याच सुमारास."

काकूंनी हात पुढे करून त्यांची मुडपलेली कॉलर सरळ केली.