फोटोत नाय म्हणल्यावर

गाव नवा कॅमेरा घेऊन देतंय म्हणल्यावर कुठल्याही फोटोग्राफरनं उड्या मारायला पाहिजेत. मुकुंदवाडीचा भारत मात्र दुकानात जायचं टाळतच होता. आज दुकान बंद असंल, उद्या साखरपुड्याची ऑर्डर आहे, परवा डोकं दुखतंय. शेवटी त्याच्या बायकोनं, शालूनं, स्कूटरची चावी त्याच्या हातात कोंबली.

"अहो, रविवारी सत्कार आहे. शाल, नारळ अन् कॅमेरा. कॅमेऱ्याच्या जागी काय पोह्यांचा डबा ठेवणार का? जावा आता. अन् पोरीलाबी संगं न्या, तिच्यामुळं तर मिळतोय."

पोर म्हणजे संस्कृती. बारावीला होती, कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची, आणि चढाई करणाऱ्या पोरीचा घोटा एकदा धरला की सोडायची नाही. भारतचं घर आणि स्टुडिओ मुकुंदवाडीत, पण मूळ गाव फुलंब्रीजवळचं, म्हणून ती खेळायची फुलंब्रीच्या संघातून. बापाचा पोरीवर असा जीव, की लग्नाची ऑर्डर सोडून तिच्या मॅचला जायचा. रेषेला चिकटून मांडी घालून बसायचा आणि खटाखट फोटो मारायचा.

आता गाव भारतवर एवढं खूष का, तर त्या फायनलमुळं. आणि भारत दुकानात जायला तयार का नव्हता, तर तोही त्या फायनलमुळंच.

अवकाळी पावसानं मैदानाचा चिखल झाला, म्हणून फायनल एका मंगल कार्यालयात ठेवली होती. मॅट अंथरलेली, पण उजेडाच्या नावानं बोंब. स्टेजवर दोन पिवळे दिवे, बाकी सगळा अंधुक कारभार. फुलंब्री विरुद्ध गंगापूर, दोन्हीकडं गुण सारखे, आणि शेवटची चढाई गंगापूरची. त्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणून ही तिसरी डू ऑर डाय. शिवून परत गेली तर गंगापूर जिंकणार, रिकामी गेली तर तीच बाद आणि फुलंब्री जिंकणार. चढाईला आली सुलेखा, मेंढपाळाच्या घरातली काटक पोर. पार डाव्या कोपऱ्यात घुसली, संस्कृतीकडं हात फेकला आणि वाऱ्यासारखी माघारी गेली.

"शिवले! शिवले मी!" सुलेखा ओरडली. गंगापूरवाले नाचायला लागले. फुलंब्रीवाले म्हणाले, हॅट, कुठं शिवली? पंच होते पुंजाराम सर. त्यांना त्या उजेडात काही दिसलं नव्हतं आणि दोन्हीकडची पोरं अंगावर यायला लागली होती. तेवढ्यात त्यांची नजर रेषेवर बसलेल्या भारतवर पडली.

"भारतराव! तुम्ही फोटो घेतलाय ना? बघा बरं, टच आहे का?"

फोटोवाल्यानं सांगितलं की संपलं, असं सगळ्यांनीच धरलं होतं. गंगापूरवाल्यांनीसुद्धा. भारत ह्या भागातल्या निम्म्या लग्नांत असायचा, तो कशाला खोटं बोलेल? भारतनं स्क्रीनवर मान घातली. फोटोत होता एक काळपट फराटा आणि त्याच्या पलीकडं पिवळा डाग. ना हात, ना मनगट. तरी तो बटण दाबत राहिला, मागं-पुढं करत राहिला, जणू काही लई बारकाईनं बघतोय. मग मान वर केली.

"टच नाय, सर. मधी फट दिसती."

बास! शिट्टी वाजली, फुलंब्री जिंकली. गुलाल उधळला, भारतला खांद्यावर घेतलं. संस्कृतीची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. सुलेखाची नाही झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर भारतनं मनाची समजूत घातली असती. पण खांद्यावरून खाली उतरल्यावर त्यानं जे बघितलं, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. सुलेखाची आजी राजाबाई मॅच बघायला आली होती. सुलेखा तिला बिलगून रडत होती, "आजी, तुझी शपथ, मी शिवले गं." म्हातारीनं सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. "फोटूत नाय म्हणत्यात ना? मग कशाला खोटं बोलती? आपल्यात असलं चालत नाय." आणि भारतजवळ येऊन हात जोडले. "बाबा, पोरगी लहान हाय. तिचं मनावर घिऊ नगं."

भारतनंही हात जोडले. काय करणार, जोडले.

तर असा हा सत्काराचा मानकरी स्कूटरवर पोरीला बसवून औरंगपुऱ्यात गोकुळशेठच्या दुकानात आला. गोकुळशेठ म्हणजे कॅमेऱ्याचा किडा. गिऱ्हाईक फक्त बॅटरी घ्यायला आलं तरी हा माणूस त्याला खुर्चीवर बसवून शिकवायला सुरुवात करणार.

"आओ, हिरो लोक!" त्यानं हाक मारली. "ऐकलं आम्ही! फोटोनं कप आणला म्हणे. बोल भारत, काय दाखवू?"

काचेवर त्यानं कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या ठेवल्या. भारतनं पटकन पहिली उचलली. "हीच द्या. मेगापिक्सेल जास्त आहेत. गावात सांगायला बरं." त्याला लवकर निघायचं होतं.

"अरे थांब ना यार!" गोकुळशेठ चिडलाच. "बडा आकडा काय चाटायचाय? लग्नाच्या पोस्टरला ठीक आहे. तुला पाहिजे अंधारात पळणाऱ्या पोरींचे फोटो. तिथं ही दुसरी घे. आकडा कमी, पण आतला सेन्सर मोठा. आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, कितीबी चढव, दाणे दाणे येत नाहीत. मग शटर वेगात ठेवता येतं, अन् शटर वेगात असलं की हात हलत असला तरी गोठल्यासारखा येतो. वरून एका सेकंदात ढीगभर फोटो. फोकस तर खेळणाऱ्याच्या डोळ्याला असा चिकटतो की सोडत नाही."

"घेतो की मग. बांधा."

"बांधा काय? भाजी आहे का? अजून एक ऐक. तुझ्या जुन्यात आरसा आहे. क्लिक झालं की आरसा वर उठतो अन् तेवढा वेळ तुझ्या डोळ्यापुढं अंधार. म्हणजे जो क्षण फोटोत जातो, तोच फोटोवाल्याला दिसत नाही. कमाल आहे ना? ह्या नव्यात आरसाच नाही. सगळं दिसत राहतं." मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, ट्यूबा बंद केल्या आणि एक बारका दिवा तेवढा ठेवला. "चल गं पोरी. त्या फायनलचा सीन कर. तू ती गंगापूरवाली हो, अन् पप्पाला शीव."

"नको, राहू द्या," भारत म्हणाला.

"पप्पा, करू की! मज्जा येईल," म्हणत संस्कृतीनं चपला काढल्या. ती काउंटरपासून वाकत, पाय टाकत आली आणि तिनं बापाच्या मनगटाकडं हात फेकला. बोटांची टोकं नुसती लागली न लागली. गोकुळशेठनं बटण दाबून धरलं होतं. त्यानं स्क्रीन मोठी करून दाखवली. संस्कृतीचं मधलं बोट भारतच्या मनगटाला टेकलेलं, नखावरची उडालेली नेलपॉलिश दिसतेय, आणि टेकलं तिथं कातडी एवढीशी दबलेलीसुद्धा दिसतेय.

"आई शप्पथ!" संस्कृती म्हणाली.

"आता तुझा जुना दे. त्याच उजेडात, तुझ्याच सेटिंगवर." भारतनं द्यायला उशीर केला, तर संस्कृतीनंच बॅगेतून काढून दिला. परत तसंच. ती आली, शिवली, क्लिक. स्क्रीनवर एक काळपट फराटा आणि पलीकडं दिव्याचा पिवळा डाग. गोकुळशेठनं मोठं करून बघितलं, बारीक करून बघितलं.

"हे बघ. टच झाला आपल्यासमोर, पण फोटोत टचबी नाही अन् फटबी नाही. नुसता काजळाचा हात." तो हसला. मग हसता हसता थांबला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, माणूस धंद्याच्या नादात बोलून गेला. "पण मग भारत, तुला त्या दिवशी फट दिसली कशी?"

लेन्स वेगळी होती, असं भारत म्हणाला. कुठली, असं गोकुळशेठनं विचारलं. जुन्या बॉडीला एकच लेन्स होती आणि ती गोकुळशेठनंच विकली होती. मग भारत म्हणाला, तिथं उजेड जास्त होता.

"नव्हता," संस्कृती म्हणाली. तिनं पायात चपला घातल्या नव्हत्या. "पप्पा, तो फोटो दाखवा."

"डिलीट झाला गं. कार्ड भरलं होतं, मग…"

"कार्ड तेच आहे. आत्ताचा फोटो त्यातच गेलाय."

तिनं गोकुळशेठच्या हातातून जुना कॅमेरा घेतला. ती बटण दाबत मागं गेली. बारशाचे फोटो, एक साखरपुडा, मग गुलाल, मग कपाचा फोटो, आणि मग तो. तिनं मोठा करून बघितला. बापासारखी मागं-पुढं करत बसली नाही. एकदाच बघितला. भारतला वाटलं, ह्याच्यापेक्षा हिनं कॅमेरा आपटला असता तर बरं झालं असतं.

"मला लागलं होतं, पप्पा," ती हळू बोलली आणि डाव्या मनगटावर बोट ठेवलं. "इथं. मी हात वर करत होते."

ज्यांनी कबड्डी बघितलीय त्यांना माहीत असतं. शिवलं गेलं की चांगला खेळाडू पंचाची वाट बघत नाही. स्वतःच हात वर करतो आणि बाहेर जातो. भारतलाही माहीत होतं. आणि त्या दिवशी सगळे स्क्रीनकडं बघत असताना पोरीचा हात खांद्यापर्यंत वर आलेला एकट्या त्यानं बघितला होता. म्हणून तर त्यानं घाईघाईनं मान वर करून सांगितलं होतं.

"तुम्ही नाय म्हणलात, मी हात खाली घेतला. मला वाटलं, मलाच भास झाला. फोटोत नाय म्हणल्यावर…" तिनं कॅमेरा काचेवर ठेवला. "तवापासून मला कळंना झालंय, पप्पा. जिल्ह्याच्या कॅम्पमध्ये टच झाला तरी मी उभीच राहते. तिथले सर ओरडतात, तुला अंगाला लागलेलं कळत नाय का? मी म्हणते, नाय कळत. मला खरंच वाटायलंय की मला नाय कळत."

"बेटा, तुझ्यासाठीच केलं ना. तुझी निवड…"

"माझ्यासाठी?"

गोकुळशेठ शटर वर करण्याच्या निमित्तानं तिकडं सरकला. भरदुपारचा उजेड दुकानात घुसला आणि भारतला लपायला जागा उरली नाही. लाज लाज म्हणतात ती काय असते, ते त्याला तिथं कळलं. आजवर त्याला भीती वाटत होती, पकडले जाऊ म्हणून. आता पोरीनं पकडलं होतं, आणि ती त्याच्यावर रागावलेलीसुद्धा नव्हती. ती स्वतःचं मनगट चोळत उभी होती.

नवी बॉडी काचेवर तशीच राहिली. भारतनं पुंजाराम सरांना फोन लावला. दोनदा खोकला आणि सगळं सांगून टाकलं. मग सर म्हणाले, "मी तुमच्या भरवशावर शिट्टी मारली हो, भारतराव," आणि फोन ठेवला. सत्कार रद्द करा, असं त्यानं गावात एका वाक्यात कळवलं. त्यानंतर फोन वाजतच राहिला, त्यानं उचलला नाही.

"आता गंगापूर," संस्कृती म्हणाली.

दोघं स्कूटरवर निघाले. एरवी ती मागं बसून कानात बडबड करायची, खांद्याला धरायची. आज तिनं सीटच्या मागची दांडी धरली होती.

राजाबाईची वस्ती गावाबाहेर होती. दिवस कलला होता, मेंढरं वाड्यात चालली होती. सुलेखा कोकरू काखेत घेऊन वाड्याचं फाटक धरून उभी होती. ह्या दोघांना बघून तिनं ओठ आवळले. राजाबाई मात्र लगबगीनं पुढं आली. "या, या बाबा! फोटूवाले हायेत गं! सुले, पाणी आण."

सुलेखा हलली नाही. संस्कृती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं डावा हात वर केला, पार डोक्याच्या वर, आणि चार पावलं बाजूला होऊन रेषेबाहेर गेल्यासारखी थांबली. हात खाली घेतला नाही. सुलेखा बघत राहिली. मग कोकरू खाली सोडून तिनं तोंडावर ओढणी धरली आणि हुंदक्यांनी हलायला लागली.

"काय झालं? का रडती?" राजाबाई गोंधळली.

भारतनं सांगितलं. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही कामाला आला नाही. "मावशी, तुमची सुलेखा खरं बोलत होती. मी खोटं बोललो."

"म्हंजी? फोटूत नव्हतं ना?"

"फोटोत काहीच नव्हतं, मावशी. नुसतं काळं होतं."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, मग रडणाऱ्या नातीकडं बघितलं. भारतला वाटलं, आता शिव्या देईल, काठी उगारेल. देऊ दे, उगारू दे, मोकळं तरी होईल. पण ती तसलं काहीच करत नव्हती. ती आठवत होती.

"मग एवढा येळ त्यात डोकं घालून काय बघत होता रं, बाबा?" ती म्हणाली. "मी पोरीच्या तोंडात मारली."