पेटीतला रिकामा मीटर

हिंजवडीच्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी पेट्या मांडल्या होत्या. जमिनीत भोक पाडून निघालेले दगडाचे गोल तुकडे त्यांत खोलीच्या क्रमाने ठेवतात. तीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेले श्रीनिवास आगाशे निवृत्तीनंतर अशा पेट्या तपासून जमिनीबद्दल लेखी देत. या जागेला गेल्याच आठवड्यात त्यांनी ‘खडक सलग’ अशी सही दिली होती. सोमवारी आयटी कंपनीच्या इमारतीच्या पायात काँक्रीट पडणार होतं.

लिफ्टसाठी उशिरा सांगितलेलं तिसरं भोक आज पुरं झालं आणि गणित बिघडलं. सलग खडकात एकच थर सगळीकडे साधारण सारख्या खोलीवर लागतो; इथे पहिल्या भोकात मातकट तांबडा थर नऊ मीटरवर होता, तिसऱ्यात चौदावर. मधल्या दुसऱ्यात तो नव्हताच. ड्रिलिंगच्या पाण्यात धुऊन गेला असेल, असं तेव्हा त्यांनी धरलं होतं.

त्यांनी दुसरी पेटी पुन्हा उघडली. एका तुकड्याची बाजू चकचकीत आणि ओरखडलेली होती. अंगठा खाली फिरवला की गुळगुळीत, वर फिरवला की खरखरीत. शेजारचा खडक इथून घासत खाली सरकला होता. पुढचे चार तुकडे मात्र एकमेकांना बसत नव्हते.

“बद्रीनाथ, हे कुठले?”

मशीन चालवणाऱ्या बद्रीनाथने डोक्याचा रुमाल सोडला. “तिथं नुसता भुगा निघाला, सर. पेटी रिकामी दिसली की ऑफिसातले विचारतात, दगड कुठं गेला? मग मागच्या साइटचे पडलेले लावले.”

“म्हणजे हजेरीतली प्रॉक्सी,” साइट इंजिनिअर सलिल म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. “माझी तुम्ही दर वेळी पकडायचात, सर.”

“ही नाही पकडली.”

बद्रीनाथ औशाकडचा. मामाचं घर भूकंपात गेलेलं. “किल्लारीसारखं होईल का, सर?”

“ही भेग शेवटची कधी हलली, मला सांगता येणार नाही. बहुधा फार पूर्वी.” श्रीनिवासांनी दोन तळवे जोडून एक खाली सरकवला. “पलीकडचा भाग असा पाच मीटर उतरला. मधला भरडला गेला. एक खांब त्या भुग्यावर आणि दुसरा कातळावर, हे चालणार नाही.”

सलिल हळू आवाजात म्हणाला, “सर, तिसऱ्या भोकावरून नवा रिपोर्ट द्या ना. जुन्याचा उल्लेख कशाला? कंपनी पुढचं काम दुसऱ्याला देईल.”

तसं करता आलं असतं. बाहेर रस्त्यावर आसपासच्या कंपन्यांच्या बसची रांग खोळंबली होती. श्रीनिवासांनी तो ओरखडलेला तुकडा पेटीत जागेवर ठेवला. मग त्यांनी कोरा कागद ओढला: ‘दुसऱ्या भोकाचे तुकडे मी जुळवून पाहिले नाहीत. गेल्या आठवड्यातला निष्कर्ष चुकीचा आहे. पायाचं काम थांबवावं.’

सलिलने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सोमवारचं काँक्रीट थांबवायला मोबाइल घेऊन बाहेर गेला.

बद्रीनाथने चार परके तुकडे काढले. त्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून त्यावर खडूने लिहिलं: एक मीटर, दगड मिळाला नाही.

“पेटी वाईट दिसती, सर. ऑफिसातले बोलतील.”

“माझं नाव सांगा,” श्रीनिवास म्हणाले. “आणि पहिली पेटी आणा. तीही जुळवून बघू.”