अकराच्या बेलचे वडे

'लेक दर्शन'च्या दोन्ही विंगांच्या फायर अलार्मची किल्ली शेवटी ओजसला मिळाली आणि सम्यकला बेसमेंटचं पार्किंग मिळालं. पण हे झालेलंच नाही असं धरून चालू. सम्यकही तसंच धरून चाललाय, आणि एकट्याला ते जड जातं.

तर, अजून काहीच झालेलं नाही. पवईतली ही इमारत दोन विंगांची, सगळी ऑफिसं. तिच्या गच्चीवरून तलाव सोडून सगळं दिसतं. ए विंगचा अलार्म सम्यक भालेराव सांभाळतो, बी विंगचा ओजस रेगे. सम्यकला इथे सहा वर्षं झालीत, ओजसला सात महिने. हा हिशोब सम्यक रोज एकदा तरी करतो, न जाणो बदलला असेल.

सम्यकचं पॅनेल जुनं. धूर झाला की त्यावर एक लाल दिवा लागायचा, झोन तीन. झोन तीन म्हणजे तिसरा, चौथा, पाचवा मजला आणि एका सीएचं खाजगी टॉयलेट. स्टँडर्डप्रमाणे एका झोनमध्ये एकच मजला हवा, पण हे पॅनेल बसवलं तेव्हा ते कोणी वाचलं नव्हतं. दिवा लागला की सम्यक जिने चढत सुटायचा आणि आग नाकाने शोधायचा.

ओजसचं पॅनेल नवं कोरं. ते बोलायचं. मराठीत, बाईच्या आवाजात. "बी विंग, चौथा मजला, पँट्री, डिटेक्टर बावीस. कृपया शांतपणे बाहेर पडा." सम्यकशी त्या इमारतीत सहा वर्षांत कोणी 'कृपया' म्हणून बोललं नव्हतं.

"मला जिना चढावाच लागत नाही यार," ओजस म्हणायचा.

"पोट सुटेल तुझं."

"नाही रे, वाचलेल्या वेळात जिमला जातो ना."

सम्यक जळायचा. एकदा तर इतका जळला की मुद्दाम स्वतःच्या डिटेक्टरखाली जाऊन पाच मिनिटं उभा राहिला. दिवा लागला नाही. डिटेक्टर बिघडल्याची तक्रार रजिस्टरमध्ये लिहून तो जेवायला गेला.

एका बाबतीत मात्र तो पुढे होता. अलार्म दर आठवड्याला ठरल्या वेळी वाजवून बघायचा असतो. सम्यक शुक्रवारी अकराला वाजवायचा. सुरुवातीला लोक शिव्या द्यायचे. मग त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या कँटीनवाल्या दत्तारामकाकांशी बोलून शुक्रवारचे गरम वडे बरोब्बर बेलवर काढायची व्यवस्था केली. शिव्या बंद झाल्या. आता बेल वाजली की अख्खी ए विंग टाळ्या वाजवत उठायची. बी विंगमध्ये त्या बाईला कोणी कधी टाळी वाजवली नव्हती.

मग एका सोमवारी बिल्डिंग मॅनेजर माणिक मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"दोन्ही विंगांना मिळून एकच पॅनेल येतंय. इनचार्जही एकच. शुक्रवारी अकराला ड्रिल. ज्याची विंग आधी बाहेर, किल्ली त्याची. दुसऱ्याने बेसमेंट बघायचं. आणि लोकांना आधी सांगायचं नाही."

"झकास!" सम्यक म्हणाला. लिफ्टमध्ये त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बेल वाजली की त्याची विंग धावणार होतीच, पण बाहेर नाही. दुसऱ्या मजल्यावर. कँटीनमध्ये. आगीत.

त्याने दत्तारामकाकांना गाठलं. "काका, शुक्रवारी कढई खाली लावा. बाहेर, सगळ्यांनी जमायच्या जागेवर."

"माका काय, खयही तळतलंय," काका म्हणाले. "पण सिलिंडर तू उचल."

सम्यकने सिलिंडर उचलला. कँटीनच्या दारावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला, 'आज वडे खाली, गेटजवळ'. लोक धावत येणार, कागद वाचणार आणि त्याच वेगाने खाली जाणार. योजनेत एकही भोक नव्हतं.

जमायची जागा गेटजवळ, बी विंगच्या लॉबीसमोर होती. काकांनी पावणेअकराला तेल तापवायला घेतलं आणि सिलिंडर उचलावा न लागल्याच्या आनंदात जरा जास्तच तापवलं. वारा तलावाकडून होता, धूर थेट लॉबीत शिरला. दहा बावन्नला ती बाई बोलली. "बी विंग, तळमजला, लॉबी, डिटेक्टर एक. कृपया शांतपणे बाहेर पडा."

बी विंग शांतपणे बाहेर पडली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. समोर वडे होते. तेही शांतपणे संपले.

अकराला सम्यकने ठरल्याप्रमाणे बेल वाजवली. ए विंगने टाळ्या वाजवल्या आणि कँटीनकडे धाव घेतली. दारावरचा कागद कोणी वाचला नाही, कारण दाराचं तोंड भिंतीकडे होतं. ते आपोआप बंद होणारं फायर डोअर होतं, आणि लोकांना सोयीचं पडावं म्हणून सहा वर्षांपूर्वी खुद्द सम्यकनेच त्याला आग विझवायचा सिलिंडर टेकवून कायमचं उघडं ठेवलं होतं. त्या सकाळी कागद चिकटवून झाल्यावरही सवयीने टेकवला होता. एकशे चाळीस माणसं रिकाम्या कँटीनमध्ये बशा घेऊन उभी राहिली. बारा मिनिटांनी मॅडमनी घड्याळ बंद केलं.

ओजस बोटं पुसत आला. "मीठ जरा कमी होतं रे," तो म्हणाला.

सम्यकने बेसमेंटमध्ये बसून त्याच दुपारी अर्ज लिहिला:

'प्रति, अग्निसुरक्षा मानके ठरवणारी समिती. विषय: आजचा शुक्रवार रद्द करणेबाबत. महोदय, वरील दिवशी बी विंग आग नसताना बाहेर पडली व ए विंग ड्रिल असताना आत राहिली, म्हणजे दोन्ही विंगांची चूक समसमान आहे. सबब विनंती की, सदर शुक्रवार पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून गुरुवारनंतर थेट शनिवार धरण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास, बेसमेंटमधील माझ्या बेलला निदान 'कृपया' म्हणण्याची परवानगी मिळावी. कळावे. सम्यक भालेराव, इनचार्ज (ए व बी विंग).'